नाखव्याचे वारस

आमच्या शिरोळ तालुक्यात सामाजिक सलोख्याची सभा भरली की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली, नृसिंहवाडीच्या दत्तगुरूंच्या कृपेने ती परत आली, आणि शहाने कृष्णेच्या काठी देऊळ बांधून दिले. म्हणूनच वाडीच्या देवळाला शिखर नाही, आणि म्हणूनच औरवाड आणि गौरवाड ही गावे देवाला इनाम मिळाली, असेही सांगतात. वाडीचा पुजारी ही गोष्ट सांगतो, पेढेवाला सांगतो, कवठाची बर्फी बांधून देणारा मुलगाही सांगतो. परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे, चांगली गोष्ट आहे, आणि तिच्यात खोट काढण्याचा आमचा मुळीच इरादा नाही.

आमची तक्रार आहे ती सभेत ही गोष्ट सांगणाऱ्या आमच्याच वक्त्याबद्दल. पुजारी ती भक्तीने सांगतो. आमचा वक्ता ती सांगतो तेव्हा कुणाच्या तरी दारात उभे राहून ओळखपत्र दाखवल्यासारखा त्याचा आवाज होतो. बघा, आमच्या बादशहाने तुमचे देऊळ बांधले, तेव्हा आम्हाला परके समजू नका! पुढे कुरुंदवाडच्या मशिदीत बसणाऱ्या गणपतीचा दाखला येतो, टाळ्या पडतात, चहा होतो आणि सभा संपते.

आमचा बादशहा! औरवाडचा शेतमजूर, जयसिंगपुरातला हमाल, मिरजेचा बागवान, नदाफ, शिकलगार, तांबोळी, यांतल्या कुणाच्या खापरपणजोबाने आदिलशहाच्या पंगतीला हात धुतले होते? देऊळ शहाने बांधले असेल, पण दगड कुणी घडवले, चुना कुणी मळला, नावेतून माल कुणी उतरवला, हे आम्ही कधी विचारले नाही. सुलतानाचे नाव घेतले की आम्हाला मोठे झाल्यासारखे वाटते. गंमत अशी की आम्हाला शिव्या देणाऱ्यालाही नेमके तेच हवे असते. त्याला आमच्या डोक्यावर सुलतान बसवायचा असतो आणि आम्ही तो हौसेने बसवून घेतो. मग अफझलखानाचा हिशेबही आमच्याच नावावर मांडला जातो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

हे सगळे पुन्हा डोक्यात घोळू लागले ते रेवदंड्याला जाऊन आल्यावर. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मंडळी एक गाडी भाड्याने करून अलिबागकडे गेलो होतो. कृष्णाकाठच्या माणसाला समुद्राचे अप्रूप असतेच. कुंडलिकेच्या मुखाशी, अलिबागपासून सतराएक किलोमीटरवर रेवदंडा आहे. गाव लहान, मासेमारीचे. किल्ल्याच्या तटातूनच रस्ता आत शिरतो आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्या, घरे आणि त्या वाड्यांमधून उभे असलेले पोर्तुगीज चर्चचे पडके भाग. एक उंच मनोरा आहे, त्याला गावात सातखणी म्हणतात. वरचे खण ढासळलेले आहेत आणि पायथ्याशी जुन्या तोफा पडल्या आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. कोर्लईत आजही काही कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलतात. बंदरावर होड्या लागल्या होत्या, बोंबील वाळत होते, कोळणींचा भाव चालला होता. सुंदर गाव आहे, जरूर पाहावे.

एका सहल कंपनीचे पत्रक आमच्या हाती होते. त्यात ‘पोर्तुगीज वास्तुकलेचा ठेवा’ असे रेवदंड्याचे वर्णन होते. जागा दाखवायला आलेला पोरगा कॉलेजात शिकणारा, अदबशीर, पाठांतर चोख. आम्ही त्याला विचारले, पोर्तुगीजांच्या आधी इथे कोण होते? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आधी? आधी मोगल असतील, काका.” यावर आमच्या गाडीतले एक सद्गृहस्थ खुलले आणि म्हणाले, “म्हणजे आपलेच की!”

पोर्तुगीजांनी इथे किल्ल्याचे काम काढले ते १५२१ मध्ये. बाबर पानिपतावर जिंकला १५२६ मध्ये. म्हणजे पहिला मोगल दिल्लीच्या तख्तावर बसायच्या आधीच रेवदंड्याचा तट उभा राहू लागला होता. त्या पोराला हे शाळेत कुणी सांगितले नाही हे समजण्यासारखे आहे. पण आमच्या सद्गृहस्थांचे काय? मोगल हा शब्द कानावर पडताच छाती फुगली. आणि ज्यांचा अभिमान खरोखर बाळगावा अशी माणसे तिथून दोन पावलांवर चौलमध्ये हजार वर्षांपासून वाट पाहत होती, त्यांची सद्गृहस्थांना गंधवार्ता नव्हती.

चौल आणि रेवदंडा ही खरे तर एकाच बंदराची दोन अंगे. वरचे चौल जुने, खालचे पोर्तुगीजांचे. अरबांनी ज्या बंदराला ‘सैमूर’ म्हटले ते हेच, असे बहुतेक इतिहासकार मानतात. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इथे आला होता. ‘मुरूज-अल-जहब’ या आपल्या ग्रंथात तो लिहितो की या एका गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक आहेत, त्यांनी इथेच लग्ने केली आहेत, आणि इथे जन्मलेल्या मुसलमानांना ‘बयासिरा’ असे वेगळे नावच पडले आहे. विचार करा, वेगळे नाव पडण्याइतके ते तेव्हाच जुने झाले होते! राज्य होते राष्ट्रकूटांचे, ज्यांना अरब ‘बल्हरा’ म्हणत, आणि स्थानिक राजाचे नाव मसूदी ‘झंज’ असे देतो. तो शिलाहार झंझ. मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. मसूदी आला तेव्हा या जागेवर अबू सईद मारूफ बिन झकरिया होता. इस्तखरी हा त्याच शतकातला भूगोलकार सांगतो की बल्हराच्या राज्यात मुसलमानांवर मुसलमानच अधिकारी असे आणि त्यांच्या जामा मशिदी होत्या.

दहाव्या शतकात! गझनीच्या महमूदाची पहिली स्वारी व्हायला अजून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे होती. महाराष्ट्रात मुसलमान तलवार घेऊन आले असे ज्यांना शिकवले गेले, आणि ज्यांनी ते खाली मान घालून ऐकून घेतले, त्या दोघांनाही हा एक उतारा पुरेसा आहे. ही माणसे घोडे, कापड आणि लाकूड घेऊन आली, मोसमी वारे फिरेपर्यंत थांबली आणि त्यांतली कित्येक इथलीच झाली.

आणखी एक दाखला याच किनाऱ्यावरचा, थोडा उत्तरेकडचा. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी इथे ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी ९२६ चा. संजाणचा प्रांत राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने एका ताजिकाच्या, म्हणजे अरबाच्या, हाती सोपवला होता. ताम्रपटात त्याचे नाव ‘मधुमती’ असे संस्कृतात आले आहे. मूळ नाव अर्थातच मुहम्मद. या मुहम्मदाने नदीवर फुकट तर चालू केली, भुकेल्यांना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, आणि देवीच्या एका मठाला जमीन दान देण्यासाठी राजाची परवानगी मिळवली. वाडीच्या देवळाची कथा परंपरेने सांगतात. हा पुरावा तांब्यावर कोरलेला आहे. तो सुलतान नव्हता, हिंदू राजाचा नोकर होता. आमच्या किती वक्त्यांना त्याचे नाव ठाऊक आहे? एकाही सलोखा सभेत आम्ही ते ऐकलेले नाही.

आता रेवदंड्यात स्मारक कुणाचे आहे ते पाहा. अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे. तो पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला, तिथून जुन्नरमार्गे बिदरला गेला. गावातल्या शाळेच्या आवारात त्याचा स्तंभ उभा आहे, तो एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारला गेला. आम्हाला त्याचा हेवा वाटत नाही, स्तंभ असायलाच हवा. निकितिन मोठा गमतीदार माणूस. एक घोडा विकायला घेऊन आला, जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अट घातली. तेव्हा खुरासानचा एक मुहम्मद मध्ये पडला आणि त्याने घोडाही सोडवला आणि धर्मही. निकितिनने स्वतःसाठी ‘खोजा यूसुफ खुरासानी’ असे नाव घेतले होते आणि त्याच्या प्रवासवृत्ताचा शेवट अरबी दुआंनी होतो. पण स्तंभाजवळ उभे राहून हे कोण सांगणार? रशियाला आपल्या व्यापाऱ्याची आठवण होती म्हणून स्तंभ झाला. पोर्तुगीजांच्या चौलवर १८७६ मध्ये गोव्याच्या डॉ. जेर्सन द कुन्हांनी ग्रंथ लिहिला, कारण त्यांना आपल्या माणसांचा माग काढायचा होता. मसूदीच्या दहा हजारांचा माग काढायला कुणी निघाले नाही. आमच्यातलेही कुणी नाही. वरच्या चौलमध्ये हमामखान्याचा जुना घुमट आहे आणि जुन्या मशिदीचे अवशेष आहेत. आमच्या पत्रकात त्यांना अर्धी ओळही मिळालेली नव्हती.

इथे कुणी म्हणेल, झाले, पुन्हा मशिदीचेच रडगाणे. तसे नाही. पोर्तुगीजांच्या दगडांना ठेवा म्हणायला आमची हरकत नाही, पण त्या दगडांची किंमत कुणी मोजली तेही सांगा. या किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, विकत घ्यावा लागे. तो नसला तर जहाज लुटले जाई. हज यात्रेचे जहाजही त्यातून सुटत नसे. त्या परवान्यावर मरियम आणि येशूचे चित्र असे, म्हणून अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्काने आता हज फर्ज राहिली नाही असा फतवा काढला. म्हणजे दर्यावर्द्यांना समुद्र मोकळा करून द्यायचा सोडून हजच माफ! मुल्लाशाहीने संकटावर काढलेला हा तोडगा पाहिला की आजचे काही फतवे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आणि हा पोर्तुगीज किल्ला चौलला उभा राहू कुणी दिला? निजामशहाने. १५०८ मध्ये याच बंदरात इजिप्तचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीज आरमाराचा पराभव केला, व्हाइसरॉयचा मुलगा त्यात मारला गेला. पुढे तेरा वर्षांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्याच पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. त्याला फौजेसाठी घोडे हवे होते. पन्नास वर्षांनी, १५७०–७१ मध्ये, दुसरा निजामशहा हाच किल्ला घ्यायला मोठी फौज घेऊन आला, महिनोन्महिने वेढा घालून बसला आणि शेवटी तह करून गेला. वेंगुर्ल्याची डच वखारही आदिलशहाच्या मेहेरबानीनेच उभी राहिली. सुलतानांनी आपला व्यवहार पाहिला, यात नवल काही नाही. राजे लोक तेच करतात. नवल आमचे आहे, की त्यांच्या व्यवहारात आम्ही आपली इज्जत शोधतो. कार्ताझचे पैसे सुलतानाच्या खजिन्यातून जात नव्हते, ते नाखुदा आणि व्यापारी भरत होते.

नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. हा फारसी शब्द कोळ्यांच्या तोंडी ‘नाखवा’ झाला आणि आज रेवदंड्याच्या बंदरावर एकही मुसलमान उभा नसला तरी तो शब्द तिथे उभा असतो. बंदर फारसी, दर्या फारसी, किनारा फारसी, जहाज अरबी, खलाशी अरबी. ज्या मोसमी वाऱ्यांवर आमच्या शिरोळची ऊसशेती चालते तो मोसमही अरबी. कोळ्याने हे शब्द कुणाच्या तलवारीला भिऊन घेतले नाहीत. एकाच होडीत बसलेल्या, एकाच वादळात सापडलेल्या माणसांनी ते एकमेकांना दिले. रत्नागिरीत बसून सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली, त्या गावापासून हाकेच्या अंतरावर राजिवड्याचे, मिरकरवाड्याचे मच्छीमार रोज हेच शब्द वापरून मासे आणत होते. पोर्तुगीजांनीही आपल्याला शब्द दिले. पाव, बटाटा, काजू, पगार, चावी, घमेले. पावाला कुणी लिस्बनला परत जा म्हणत नाही. आम्हाला मात्र दर दोन-चार वर्षांनी कुठे जायचे ते सांगितले जाते.

जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरची बांधकामे अतिक्रमण म्हणून पाडली गेली. बांधकाम कायदेशीर की बेकायदा हा प्रश्न कागदपत्रांवर सुटावा, त्याबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. आमचे म्हणणे त्या निमित्ताने गावोगावच्या कट्ट्यांवर जे बोलले गेले त्याबद्दल आहे. ‘बाहेरचे’, ‘घुसखोर’, ‘समुद्र यांच्या बापाचा आहे काय?’ समुद्र कुणाच्याच बापाचा नाही. पण किनाऱ्यावर बाहेरचा कोण हे ठरवायचे तर मसूदीची वही उघडावी लागेल, आणि ती उघडून दाखवायची जबाबदारी आमची होती. आम्ही त्या वेळी काय दाखवत होतो? लाल किल्ला आणि ताजमहाल.

आता जे लिहायचे आहे ते वाचून आमचेच काही वाचक रागावतील. रागवा. रत्नागिरी किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमारांना दालदी म्हणतात. ज्या शब्दाचा अर्थ मेहनत असायला हवा होता तो आमच्या समाजात हिणवण्याचा शब्द झाला आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांतही नोंद आहे की कोकणातले खानदानी मुसलमान दालद्यांशी सोयरीक करत नाहीत. तेव्हापासून आजपर्यंत किती बदलले? दुबई-कुवेतचा पैसा आला, घरांना संगमरवर लागला, पण मुलीचे स्थळ पाहताना ‘दालदी तर नाहीत ना’ ही चौकशी चालूच आहे. घाटावर आम्ही शहाणे आहोत असे नाही. मिरज-सांगलीकडे सय्यद-शेख एका ओळीत आणि पिंजारी-शिकलगार दुसऱ्या ओळीत हे लग्नाच्या मांडवात कुणीही पाहावे. मशिदीत एका सफेत उभे राहायचे आणि जेवणाच्या दस्तरख्वानावर वेगळे व्हायचे, याला काय म्हणावे? सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानेही मुसलमानांतल्या जातींची नोंद घेतली, आम्ही अजून घेत नाही.

अरबस्तानातून आल्याचा ज्यांना मोठा अभिमान आहे त्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की जे खरोखर आले ते जहाजातून आले, आणि ते जहाज हाकणारा दर्यावर्दी होता. दालदी, खलाशी, नाखवा यांना कमी लेखून अरब वंशाचा टेंभा मिरवणे म्हणजे ज्या होडीतून उतरलो तिलाच लाथ मारणे होय. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान होता हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याच आरमाराच्या वल्ह्यांवर कोळी, भंडारी आणि दालदी बसले होते, त्यांचे नाव घेताना मात्र आमची जीभ अडते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की किनाऱ्यावरच्या जमातींनी आपापल्या मशिदीच्या पेट्या उघडाव्यात. जुन्या होड्यांचे परवाने, बंदराच्या पावत्या, वक्फाच्या वह्या, गलबतांची नावे लिहिलेले कागद, कबरींवरचे लेख, जे सापडेल ते वाळवी लागायच्या आत उतरवून घ्यावे. त्यासाठी संस्थेची, अनुदानाची वाट पाहायची गरज नाही, एक मास्तर आणि मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे. आमच्या साहित्य संमेलनांत ‘मुस्लिम मराठी लेखकापुढील आव्हाने’ या विषयावर दरवेळी एक परिसंवाद होतो. एकदा तो रद्द करून राजिवड्याच्या एखाद्या तांडेलाला बोलवावे आणि त्याला तासभर बोलू द्यावे. अध्यक्षीय भाषण थोडे कमी झाले तर साहित्याचे फारसे नुकसान होणार नाही.

आणि चौलला एक फलक लागला पाहिजे, साध्या मराठीत. त्यावर मसूदीचे नाव, हिजरी ३०४, अबू सईद मारूफ बिन झकरिया, राजा झंझ. चिंचणीच्या ताम्रपटातल्या मुहम्मदाचे नाव त्याच्या शेजारी. अर्ज पुरातत्त्व खात्याकडे करायचा, ग्रामपंचायतीकडेही करायचा, आणि त्यावर सह्या फक्त मुसलमानांच्या नकोत. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या सह्या हव्यात, आणि तिथल्या बेने इस्रायली सिनेगॉगशी नाते असलेल्या ज्यूंच्याही हव्यात, कारण त्यांचे पूर्वजही याच पाण्यावरून आले आणि शनवार तेली म्हणून इथले झाले. आम्ही विचारले तेव्हा बंदरावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने सही करायची तयारी दाखवली. त्याने एवढेच विचारले की फलकावर नाखवा हा शब्द येणार ना?

आमच्या गाडीतल्या सद्गृहस्थांना परतीच्या वाटेवर, पाली ओलांडल्यानंतर, हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, त्या मसूदीचे पुस्तक मराठीत मिळते काय? पूर्ण भाषांतर आमच्या पाहण्यात नाही. उर्दू आणि अरबी दोन्ही येणारी माणसे आपल्या मदरशांतून दरवर्षी बाहेर पडतात, आणि मराठी तर ती आईच्या पोटातून शिकून येतात. त्यांच्यापैकी कुणी सैमूरवरची चार पाने जरी मराठीत आणली, तरी पुढच्या वार्षिकात त्यांना पहिली जागा द्यावी, अशी संपादकांना आमची विनंती आहे.